दुकान भरलेलं, गिऱ्हाईक हजर

व्हिडिओ गेम म्हटला की बंदूक, मोटार नाहीतर क्रिकेट, ही समजूत आपल्याकडे अजून पुरती गेलेली नाही. पण गेल्या दहाएक वर्षांत या धंद्यात एक निवांत गल्ली वसली आहे. तिथे कोणी मरत नाही, कोणी हरत नाही. खेळणाऱ्याने एक छोटं दुकान चालवायचं, मोडकंतोडकं सामान आणायचं, ते घासूनपुसून नीट करायचं आणि काउंटरवर येणाऱ्याला विकायचं. अशांना ‘कोझी गेम’ म्हणतात. लंडनच्या स्पिल्ट मिल्क स्टुडिओजचा ‘ट्रॅश गॉब्लिन’ हा या जातीचा अगदी ताजा आणि शुद्ध नमुना. त्यात आपण एक गॉब्लिन, म्हणजे भंगारात रमणारं बुटकं भूत. हाती येतो मातीदगडाचा गोळा. छिन्नीने त्याचे टवके उडवायचे, आतून एखादी बरणी, बाहुली किंवा चावी निघते, मग ओल्या स्पंजने ती पुसायची, हवं तर दुसऱ्या वस्तूला जोडून तिसरीच करायची. घाई कशाचीच नाही.

हे खेळ चांगले की वाईट, हा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. जुन्या वस्तूंबद्दल आणि दुकानदारीबद्दल त्यांना खरोखर किती कळलं आहे, हे पाहावं. आणि ते पाहायला नांदेड-लातूरचा बाजार फार उपयोगी पडतो, कारण इथे दुरुस्तीचा धंदा अजून मेलेला नाही. फक्त तो कुणाच्या लक्षात राहिलेला नाही.

आधी वंशावळ. दुकानदाराला नायक करण्याची कल्पना जुनी आहे. 1990 साली जपानमध्ये आलेल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट 4’च्या तिसऱ्या प्रकरणात खेळणाऱ्याला तलवार उपसून राक्षस मारत सुटायचं नसतं; तोर्नेको नावाच्या पोटसुटल्या माणसाला शस्त्रांच्या दुकानात नोकरी करत स्वतःचं दुकान उभं करायचं असतं. 2007 साली जपानमध्येच आलेला, 2010 मध्ये इंग्रजीत पोहोचलेला ‘रेसेटियर’ हा या सगळ्यांचा खरा पूर्वज. बाप कर्ज करून परागंदा झालेला, सावकारी कंपनीची माणूस (म्हणजे परी) दारात येऊन बसलेली, आणि पोरीने घरातच दुकान थाटून आठवड्याचा हप्ता फेडायचा. हप्ता दर आठवड्याला वाढतो. गिऱ्हाईक घासाघीस करतं; भाव जास्त ताणला तर उठून जातं. मराठवाड्यातल्या माणसाला या गोष्टीतली परी सोडली तर एकही बाब समजावून सांगावी लागणार नाही.

2018 च्या ‘मूनलाइटर’मध्ये भाव ठरवणं अजून शिल्लक आहे. किंमत लावायची आणि गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून ती जास्त झाली की कमी ते ओळखायचं. पण त्याच सुमारास वारं बदललं. 2016 चा ‘स्टार्ड्यू व्हॅली’ लाखोंनी खपला आणि संकट काढून टाकलं तरी खेळ चालतो, उलट जास्त चालतो, हे बाजाराला कळलं. 2019 मध्ये ‘असेंबल विथ केअर’ आला. मारिया नावाची जुन्या वस्तू दुरुस्त करणारी बाई एका गावात येते आणि लोकांच्या वस्तू एकेक स्क्रू काढून जुळवते. 2021 च्या ‘अनपॅकिंग’मध्ये तर नुसतं घर बदलून आलेल्या बाईचं सामान लावायचं असतं. 2022 च्या ‘पॉवरवॉश सिम्युलेटर’मध्ये पाण्याचा फवारा मारून चिखल काढायचा, बस. खेळ जसजसे मऊ होत गेले तसा आधी हप्ता गेला, मग घासाघीस गेली. मागे उरलं ते घाण निघण्याचं सुख.

आता लातूर. गंजगोलाईची दोन मजली गोल इमारत 1917 ची, मध्ये जगदंबेचं मंदिर आणि चहूबाजूंनी येऊन मिळणारे 16 रस्ते. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी हा आराखडा केला तेव्हा त्या-त्या रस्त्याला त्या-त्या मालाचा बाजार बसावा अशी योजना होती: सोनं एकीकडे, चपला एकीकडे, मिरची-गूळ एकीकडे. कुठल्याही गेम बनवणाऱ्याने हेवा करावा असा नकाशा. आणि या गावचा एक खास जिन्नस म्हणजे अडकित्ता. लातूरचे अडकित्ते, कुलपं आणि पितळी भांडी यांचं नाव होतं.

एक जुना अडकित्ता हातात घेऊन बघा. दोन दांड्या, एक पातं आणि सगळा जीव एका खिळीत. वर्षानुवर्षं सुपारी कातरून ती खीळ ढिली होते, पातं बाजूला सरकतं आणि सुपारी कातरण्याऐवजी निसटून उडते. दुरुस्त करणारा आधी दांड्या दाबून बघतो, दोन्ही बाजूंनी डोळ्यासमोर धरून फट पाहतो. खीळ घासलेली असेल तर ठोकून काढायची, नवी घालायची आणि दुसऱ्या टोकाला हातोडीने बोंड करायचं. हीच खरी मेख. एक घाव जास्त पडला की अडकित्ता आवळतो आणि उघडताना मनगट दुखतं. एक घाव कमी पडला तर आठ दिवसांत पुन्हा ढिला. पातं कानशीने लावायचं, तेही एकाच अंगाने. ‘असेंबल विथ केअर’मध्ये स्क्रू फिरवला की तो बसतो; बसला की ‘खट्’ असा गोड आवाज येतो. आवळणं आणि ढिलं सोडणं यांच्यामधली जी जागा हाताला शोधावी लागते, ती या खेळात नाही. असू शकतही नाही म्हणा, बोट काचेवर फिरत असतं. तरी सुटे भाग कुठल्या क्रमाने काढायचे आणि कुठल्या उलट्या क्रमाने बसवायचे, हे तो खेळ नीट शिकवतो, आणि ती शिकवण खोटी नाही.

कारागिरी पडद्यावर उतरत नाही ही तक्रार कुणीही करेल. मला खटकते ती दुसरीच गोष्ट. या सगळ्या खेळांमध्ये सर्वांत काल्पनिक काय असेल तर ते गॉब्लिन नव्हे, परी नव्हे, गिऱ्हाईक. ते कधीच संपत नाही. दार ढकलून कुणीतरी येतं आणि म्हणतं, माझ्याकडे ही मोडकी वस्तू आहे, ती मला फार प्रिय आहे, नीट करून द्या. इकडे हात आहे, हत्यार आहे, शिकलेला माणूस आहे; ओट्यावर वस्तू ठेवणारंच कुणी येत नाही.

कल्हईवाल्याचं बघा. नांदेडात काय नि लातुरात काय, गल्लीत खड्डा करून भाता मांडणारा माणूस एके काळी महिन्या-दोन महिन्यांनी ठरलेला. कोळसा फुलला की पातेलं तापवायचं, त्यात नवसागर टाकायचा, पांढरा उग्र धूर उठला की तांब्या-पितळेवरचा मळ सुटला असं समजायचं. मग कथलाची कांडी नुसती टेकवायची. कथील 232 अंशांना वितळतं, तेव्हा भांडं फार लाल करून चालत नाही. वितळलेलं कथील कापसाच्या बोळ्याने झर्रकन आतून फिरवायचं आणि भांडं पाण्यात सोडायचं. दोन-तीन मिनिटांत काळं पातेलं चांदीसारखं. इतकी देखणी, इतकी झटपट पालटणारी क्रिया कुठल्याही खेळात मी पाहिलेली नाही. ‘पॉवरवॉश’चा फवारा हिच्यापुढे फिका आहे. आणि ही क्रिया नुसती शोभेची नव्हती. कल्हई उडालेल्या पितळेत ताक किंवा चिंचेची आमटी ठेवली की ती कळकते, म्हणून घरच्या बाईला कल्हईवाल्याची वाट पाहावी लागे. मग स्टील आलं, अल्युमिनियम आलं, कुकर आला. कल्हईवाल्याची कला कमी झाली नाही, कळकणारी आमटी गेली.

पितळी घागरी, बिंदग्या, घंगाळं यांचा शेवट बहुतेक मोडीत झाला. भांड्याच्या दुकानात जुनं पितळ काट्यावर चढतं, घट धरली जाते आणि नव्या स्टीलच्या डब्यात रक्कम वळती होते. काट्यावर ठोक्याचं काम, नक्षी, तळाशी कोरलेलं आजीचं नाव, कशाचंच वजन वेगळं होत नाही. गिऱ्हाईक दुरुस्तीचं विचारतं तेव्हा दुकानदाराचं उत्तर ठरलेलं असतं, “ताई, इतक्या पैशात नवं येतंय की.” तो खोटं बोलत नाही. दुरुस्तीला लागतो एका माणसाचा अर्धा दिवस आणि नवा डबा यंत्रातून मिनिटाला पडतो. ‘ट्रॅश गॉब्लिन’मध्ये दिवसाची मजुरी निघाली का, हा प्रश्न टोचत नाही, म्हणूनच तिथे प्रत्येक वस्तू वाचते.

दुसरी उणीव जरा तांत्रिक आहे, पण जुन्या वस्तू जमवणाऱ्याला ती लगेच दिसेल. या खेळांचा एकच धर्म: घाण काढा, चकाकी आणा. पुसणं जितकं पूर्ण तितकं बक्षीस जास्त. प्रत्यक्षात कधी थांबायचं हे कळणं, हीच निम्मी विद्या. आपल्या भागातली दोन उदाहरणं पुरेत. उदगीरहून सीमा ओलांडली की बीदर, आणि बीदरचं बिदरी काम मराठवाड्यातल्या जुन्या घरांत पानदान, सुरई, हुक्क्याची बैठक अशा रूपांत सापडतं. जस्तात थोडं तांबं मिसळून ओतलेलं भांडं, त्यात चांदीची तार ठोकलेली, आणि शेवटी बीदरच्या किल्ल्यातल्या मातीत नवसागर मिसळून चोळल्यावर जस्त काळंभोर होतं, चांदी पांढरीच राहते. म्हणजे कल्हईवाल्याच्या हातात जो नवसागर काळं पांढरं करायला मदत करतो तोच इथे पांढरं काळं करतो. असं पानदान कुणी हौसेने भांडी घासायच्या पावडरीने लख्ख केलं तर शोभा आणणारा तो काळा रंगच निघून जातो आणि हातात राहतो राखाडी डबा.

दुसरं उदाहरण नाण्यांचं. हा भाग हैदराबाद संस्थानात होता. इथे हाली शिक्का चाले आणि इंग्रजी रुपयाला लोक कलदार म्हणत. सात हाली रुपयांना सहा कलदार, असा साधारण दर. निजाम मीर उस्मान अली खानाच्या नाण्यांवर चारमिनार आहे, आणि तशी नाणी जुन्या पेट्यांत, देवघरात अजून निघतात. नाणं काळपट दिसलं की लोक चिंच नि मीठ लावून घासतात. संग्राहकाच्या दृष्टीने त्या क्षणी त्याची किंमत पडते. चमकणारं जुनं नाणं बघून जाणकाराला शंकाच येते. खेळात नेमकं उलटं.

शंका येण्याचं कारण आहे. दुरुस्ती आणि बनावट यांच्यात कुंपण फार बुटकं असतं. 1961 मध्ये सिटिझन कंपनीच्या साहाय्याने बेंगळुरूला एचएमटीची घड्याळं बनू लागली. चावीची ‘जनता’ आमच्या आधीच्या पिढीतल्या मास्तरांच्या, तलाठ्यांच्या मनगटावर असायचीच. 2016 मध्ये सरकारने घड्याळांचा कारखाना बंद करायचं ठरवलं आणि जुन्या घड्याळांना परदेशातून मागणी वाढली. मग काय, एकाचं यंत्र, दुसऱ्याची केस आणि वर भडक रंगवून छापलेली नवी तबकडी, अशी जुळणी करून ‘अस्सल जुनं’ म्हणून विकणं सुरू झालं. जगभरचे घड्याळवेडे अशा मालाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. ‘ट्रॅश गॉब्लिन’मध्ये दोन वस्तू जोडून तिसरी केली की गिऱ्हाईक खूश होतं, आपल्यालाही शाबासकी मिळते. ते काम मजेचं आहेच, फक्त विकताना काय सांगून विकलं हा प्रश्न खेळ विचारत नाही. एक खरा घड्याळजी मात्र बसवलेला भाग नवा असेल तर तसं सांगतो. त्याचं दुकान त्या सांगण्यावर चालतं.

तिसरी गोष्ट मालकीची. खेळात जमिनीतून, कचऱ्यातून निघालं ते आपलं. आपल्याकडे 1878 चा भूमिगत धनाचा कायदा अजून लागू आहे: दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. मालक मिळाला नाही आणि सरकारने घेतलं नाही तर सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश, जमीनमालकाला एक चतुर्थांश, असा हिशेबही त्यात आहे. शिवाय 1972 च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खाजगी माणसाला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. म्हणजे गॉब्लिनने लातुरात दुकान थाटलं तर पहिल्याच आठवड्यात त्याला तहसिलात खेटे घालावे लागतील. गंमत बाजूला ठेवू. पण परवाना, नोंद, पंचनामा यांवर कुणी खेळ केला तर मी तरी तो खेळेन.

या भागात मातीतून वस्तू काढणं ही गोष्ट नुसती हलकीफुलकी राहू शकत नाही, हेही इथेच सांगितलं पाहिजे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी-सास्तूर पट्ट्यात दगडमातीची घरं कोसळली, हजारो माणसं गेली, 52 गावं नव्या जागी वसवावी लागली. ढिगाऱ्यातून हंडा, समई, फोटोची चौकट निघणं म्हणजे काय, हे इथल्या एका पिढीने पाहिलं आहे. छिन्नी मारून गोळा फोडण्याच्या खेळावर त्यामुळे बंदी घाला असं मी म्हणणार नाही, पण आमच्याकडे तो पंचेचाळिशीच्या पुढच्या माणसाच्या हाती देताना जरा विचार करावा.

मातीतून निघालेल्या किडूकमिडुकाला मान मिळाल्याचं उदाहरणही जवळच आहे. लातूरहून फार लांब नसलेलं धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथातलं तगर, पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं व्यापारी गाव. तिथल्या पांढरीच्या टेकाडांवर सापडणारे मणी, शंखाच्या बांगड्या, भाजक्या मातीच्या मूर्ती गावच्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गोळा केल्या, आणि आज त्यांच्या नावाचं शासकीय वस्तुसंग्रहालय गावात उभं आहे. तिथली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतल्या पाँपेईत सापडलेल्या भारतीय मूर्तीची जवळची नातलग मानली जाते. पुण्यात दिनकर केळकरांनी चष्म्यांचं दुकान सांभाळत दिवे, अडकित्ते, दौती, दारं जमवली आणि 1975 मध्ये सगळा संग्रह सरकारला देऊन टाकला. या दोघांनीही विकण्यासाठी काही केलं नाही. दुकानदारीच्या खेळात साठवणारा माणूस बसत नाही. तिथे फळीवर राहिलेली वस्तू म्हणजे न खपलेला माल.

आणि नांदेडात तर गिऱ्हाइकाशिवाय चालणाऱ्या जतनाची शतकांची रीत आहे. तख्त सचखंड श्री हजूर साहिबमध्ये दरवर्षी दिवाळीच्या सुमारास तख्तस्नान होतं. गोदावरीचं पाणी घागरी भरून आणलं जातं, तख्त धुतलं जातं आणि गुरू गोविंदसिंगांची म्हणून जपलेली शस्त्रं बाहेर काढून स्वच्छ केली जातात. गोदेपासून तख्तापर्यंत घागर घेऊन धावणाऱ्या पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे त्यात हात लावतात. तिथे वस्तू नवी दिसावी म्हणून कुणी ती पुसत नाही. ती आपल्या हाती आहे, म्हणून वर्षातून एकदा पुसायची. खेळ बनवणाऱ्यांना यातून घेण्यासारखं खूप आहे: तीच वस्तू दरवर्षी परत हातात येते, आणि आपण तिला विकून मोकळे होत नाही. एका भारतीय वळणाच्या खेळाने याच्या जवळ जायचा प्रयत्न केला आहे. 2023 चा ‘वेण्बा’, कॅनडात गेलेल्या तमीळ कुटुंबाचा. त्यात आईच्या पाककृतींची वही फाटलेली, डागाळलेली असते आणि पुसलेल्या ओळी अंदाजाने भरत इडली-पुट्टू जमवावं लागतं. मला या सगळ्या जथ्यात तो सर्वांत खरा वाटला, कारण त्यातली दुरुस्ती घरच्यासाठी आहे.

आता आईबापांचा प्रश्न. लातूर पॅटर्नने आणि त्यामागोमाग नांदेडच्या शिकवण्यांनी ही दोन्ही गावं ‘नीट’ परीक्षेची गावं करून टाकली आहेत. खोली करून राहणारी हजारो पोरं, भिंतीवर वेळापत्रक, आणि हातात मोबाइल. घरी गेम म्हटलं की धसका बसतो, कारण पैसे लावून खेळायच्या ॲपांनी घरं बुडवलेली लोकांनी पाहिली आहेत. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने त्या पैशाच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. दुकान मांडून बरणी पुसण्याचा खेळ त्यात येत नाही. तो फायद्याचा आहे का, यावर ऑक्सफर्डच्या संशोधकांचं काम बोलकं आहे. 2020 च्या त्यांच्या पाहणीत ‘ॲनिमल क्रॉसिंग’ जास्त वेळ खेळणारे जरा जास्त समाधानी आढळले आणि मथळे झळकले. 2022 मध्ये त्यांनीच जवळपास 39 हजार खेळाडू तपासले तेव्हा खेळण्याच्या वेळेने मन सुधारतं किंवा बिघडतं असा म्हणण्याजोगा परिणाम दिसला नाही. ‘पॉवरवॉश’ खेळणाऱ्यांचा मूड खेळताना किंचित वर जातो, एवढं पुढे आढळलं. म्हणजे औषध नाही, विषही नाही. अभ्यासाच्या मध्ये अर्धा तास विरंगुळा, तेवढीच त्याची मात्रा धरावी. बरेचसे खेळ संगणकावरचे आहेत आणि पोरांकडे फोन असतो, ही अडचण परस्पर बरीच रखवाली करते.

कुणाला सुरुवात करायची असेल तर माझं मत असं: गोष्ट हवी त्याने ‘वेण्बा’, हात गुंतवायचे त्याने ‘असेंबल विथ केअर’, नुसतं डोकं रिकामं करायचं त्याने ‘ट्रॅश गॉब्लिन’. आणि दुकानदारी कशाला म्हणतात ते कळायला जुना ‘रेसेटियर’, चित्रं बाळबोध असली तरी. यांतला एकही मराठीत नाही. व्हावा असं वाटणाऱ्या कुणा तरुणाने लातुरात किंवा नांदेडात तो करायला घेतलाच, तर त्याला एवढंच सांगणं आहे की दुकान उघडल्यावर पहिले काही दिवस कुणीच येऊ देऊ नको. एखादी बाई डोकावेल, काट्याकडे बघेल आणि विचारेल, “मोडीचा भाव काय चाललाय?” तिथून खेळ सुरू कर.